एकशे शहाण्णव वॅट

“साहेब, हा नॉब किती फेरे आवळायचा, असं पुस्तकात लिहिलंय?” एकनाथ गांगुर्डे ट्रेनर नावाच्या माझ्या यंत्राशेजारी उकिडवे बसून विचारत होते.

“पुस्तक हरवलं,” मी म्हणालो.

“अरेरे. मग तुम्ही किती आवळता?”

“दीड फेरे. पहिल्यापासून.”

गांगुर्ड्यांनी नॉबला बोट लावलं, काढून घेतलं आणि “बरं” म्हणून उठले. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मी टायरमधली हवा तपासण्यात गुंतल्याचं दाखवलं.

ही २०२०च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. नाशकात कोठावद्यांच्या मंगल कार्यालयात आम्ही सात-आठजण तोंडाला मास्क लावून जमलो होतो. त्या वर्षी लग्नं घरच्या घरी उरकत होती, त्यामुळे कार्यालय रिकामंच असायचं. ज्या स्टेजवर नवरानवरी बसायचे, तिथल्या मखमली खुर्च्या बाजूला सारून दोन यंत्रं मांडली होती. एक माझा ट्रेनर, काळा, चकचकीत, मोबाइलला जोडलेला. दुसरं गांगुर्ड्यांनी स्वतः बनवलेलं. गंजलेल्या सायकलचा सांगाडा, मागच्या चाकाच्या जागी लोखंडी ड्रम आणि त्या ड्रमला वेढा घातलेली काथ्याची दोरी. त्या ध्यानाकडे पाहून कोठावदे म्हणाले, “गांगुर्डे, यावर सायकल चालवायची की विहिरीचं पाणी काढायचं?” सगळे पोट धरून हसले. मी जरा जास्तच हसलो.

ट्रेनर म्हणजे घरातल्या घरात सायकल हाणायचं यंत्र. सायकलचं मागचं चाक रोलरवर टेकवायचं, नॉब आवळून रोलर टायरवर दाबायचा आणि घाम निघेपर्यंत पॅडल मारायचं. माणूस तसूभर पुढे सरकत नाही, पण मोबाइलवर आकडा उमटतो, की पायांनी किती वॅट ताकद लावली. लॉकडाउनमध्ये रस्ते बंद झाले, तेव्हा आमच्या ‘गोदाकाठ सायकलप्रेमी मंडळा’तल्या प्रतिष्ठितांनी धडाधड ही यंत्रं मागवली. त्र्यंबकच्या रस्त्यावर पहिल्याच चढाला जे सायकल हातात धरून चालायचे, ते आता बाल्कनीत बसून रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर आकडे टाकू लागले. ते आकडे बघून परदेशातल्या व्यावसायिक शर्यतपटूंनी गाशाच गुंडाळावा.

या शूरवीरांत मीही होतो. मनोहर टिपणीस, वय बावन्न, वैधमापन निरीक्षक. साध्या भाषेत वजनमापेवाला. नाशकातल्या बाजारपेठेत मी शिरलो की दुकानदारांचं धाबं दणाणायचं. पारड्याखाली चुंबक लावणारे, वजनाच्या पोटातलं शिसं खरवडून काढणारे, तोलताना करंगळी टेकवणारे, असे सगळे मी पकडले होते. ‘दहा ग्रॅमची चोरी आणि दहा किलोची चोरी कायद्यापुढे सारखीच’ हे माझं आवडतं वाक्य होतं. घरी प्रमिला, म्हणजे माझी बायको, ते वाक्य मी सुरू केलं की उरलेलं स्वतःच पूर्ण करायची.

आणि गांगुर्डे? भद्रकालीत त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान. त्यांनी काटा दुरुस्त करायचा, वजनं जुळवायची आणि माझ्या कार्यालयात आणायची. मी तपासून वजनाच्या भोकातल्या शिशावर माझ्या क्रमांकाचा ठसा मारायचा. वीस वर्षं हेच चालू होतं आणि त्या वीस वर्षांत त्यांचं एकही वजन मी परत पाठवलेलं नव्हतं. तालुक्यातल्या गावोगावच्या काट्यांसाठी ते सायकलवर, कॅरियरला हत्यारांची पेटी बांधून फिरायचे. तीस वर्षं एकच सायकल. आमच्या मंडळात त्यांना सभासद करून घेतलं होतं ते मात्र पंक्चर काढता येतं म्हणून.

पुढच्या जानेवारीत पुण्याला शहराशहरांच्या मंडळांची स्पर्धा होणार होती. एका मोठ्या हॉलमध्ये, ट्रेनरवर. संघ चौघांचा. मंडळाची निळी जर्सी फक्त संघात गेलेल्याला मिळायची. पाच मिनिटं जीव तोडून पॅडल मारायचं आणि सरासरी वॅट ग्रुपवर टाकायचे, अशी निवडीची रीत ठरली. अध्यक्ष डॉक्टर गर्गे, दातांचे, दोनशे एकाहत्तर. कोठावदे दोनशे त्रेसष्ट. बँकेतले देवरे दोनशे अठ्ठावन्न. चौथा मी, दोनशे अठ्ठेचाळीस. पाचवे गांगुर्डे, आपल्या दोरीच्या यंत्रावर दोनशे एकतीस.

यादी लागली तसा त्यांनी ग्रुपवर एक निरोप टाकला. ‘सर्वांनी राग मानू नये. प्रत्येकाचं माप वेगळं आहे. एकाच मापावर सगळ्यांना मोजावं ही विनंती.’ माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! मी अध्यक्षांना रीतसर पत्र लिहिलं. विषय : अनधिकृत व अप्रमाणित साधनावर घेतलेल्या मापाबाबत. तीन मुद्दे, खाली सही, फक्त जावक क्रमांक तेवढा राहिला. शेवटच्या मुद्द्यात मी लिहिलं होतं की काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला काटा हवा तसा झुकवण्याचं कसबही अवगत असतं, हे मंडळाने ध्यानात घ्यावं. भद्रकालीतल्या त्या माणसाचं पोट ज्या चोख नावावर चालत होतं, त्या नावावरच मी शाई शिंपडली होती. तेव्हा मात्र ते वाक्य मला फार झकास जमलंय असं वाटलं होतं. प्रमिलाला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “हे तुम्ही गांगुर्ड्यांबद्दल लिहिलंय? आपल्या गांगुर्ड्यांबद्दल?” आणि आत निघून गेली.

डॉक्टरांनी पत्र गांगुर्ड्यांना दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “मग टिपणीस साहेबांना माझ्या यंत्रावर बसवा आणि मला त्यांच्या. सगळ्यांसमोर.” म्हणून तो मंगल कार्यालयातला समारंभ.

सुरू करण्याआधी गांगुर्ड्यांनी आपलं यंत्र समजावून सांगितलं. “बघा, लई सोपं आहे. ड्रमवरून दोरी घेतली. हिच्या एका टोकाला पाच किलो आणि एक किलो अशी वजनं टांगली. दुसरं टोक या ताणकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या काट्याला. तो दाखवतो एक किलो. म्हणजे ड्रमला धरून ठेवणारा जोर किती? सहातून एक गेला, पाच किलो. ड्रमचा घेर बरोबर एक मीटर. पाच मिनिटांत ड्रम किती फेरे फिरला ते हा मोजणारा सांगतो. गुणाकार केला की झाले वॅट. यात मोबाइल नाही, बॅटरी नाही, काही नाही.”

“आणि दोरी तापली तर?” देवऱ्यांनी विचारलं.

“तांब्याने पाणी सोडायचं. ताणकाट्यावर डोळा ठेवायचा. हलला तर मला हाक मारायची.”

आधी गांगुर्डे माझ्या ट्रेनरवर बसले. पायात साध्या चपला. दहा-पंधरा मिनिटं हळू चालवून अंग गरम करू का, यंत्रही गरम होईल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वेळ कशाला घालवायचा. पाच मिनिटं संपली. डॉक्टरांनी मोबाइल बघितला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितला.

“दोनशे ब्याण्णव,” ते म्हणाले.

दोनशे ब्याण्णव म्हणजे डॉक्टरांपेक्षा एकवीस जास्त. मंडळातला एकही शूरवीर चपला घातलेल्या या माणसाच्या पासंगालाही पुरत नव्हता. पण गांगुर्ड्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. ते टॉवेलने मान पुसत म्हणाले, “एवढी ताकद माझ्यात नाही साहेब. असती तर बरं झालं असतं.”

मग माझी पाळी आली. मी निळी जर्सी घालून आलो होतो. हो, शिवून आधीच आली होती. मी गंजलेल्या सीटवर बसलो, देवऱ्यांनी तांब्या हातात घेतला, कोठावदे घड्याळ धरून उभे राहिले. पहिलं मिनिट झकास गेलं. दुसऱ्यात मांड्या पेटल्या. तिसऱ्यात काथ्या जळल्याचा वास आला आणि तो दोरीचा आहे की माझा, हे मला कळेना. गांगुर्डे मात्र शेजारी उभे राहून मला मनापासून चेतवत होते. “सोडू नका साहेब. श्वास घ्या. अजून दीड मिनिट. चांगलं चाललंय, सोडू नका.” जो माणूस आपल्या जागेवर बसलाय त्याला असं कोण चेतवतं, मला आजही समजलेलं नाही.

पाच मिनिटं झाली. फेरे बाराशे. डॉक्टरांनी गुणाकार केला, मोबाइल देवऱ्यांच्या हातात दिला, त्यांनीही केला.

“एकशे शहाण्णव,” देवरे हळूच म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोनशे अठ्ठेचाळीसचे एकशे शहाण्णव! बाजारात कोणी शंभरात वीस-बावीसची मारली असती, तर मी त्याचं दुकान सील केलं असतं.

“आता ज्यांची इच्छा असेल त्यांनी बसून बघा,” गांगुर्डे सरळ मनाने म्हणाले. “डॉक्टर, बसता?”

तो क्षण बघण्यासारखा होता. डॉक्टरांची पाठ कालपासूनच धरली होती. कोठावद्यांचा गुडघा पंचमीलाच मुरगळला होता, फक्त सांगायचं राहून गेलं होतं. देवऱ्यांचं जेवण नुकतंच झालं होतं, सकाळी साडेनऊला. एरवी ग्रुपवर वाघासारखे डरकाळ्या फोडणारे सगळे मूग गिळून उभे राहिले. प्रत्येकाच्या घरात एक चकचकीत यंत्र होतं, प्रत्येकाच्या खिशात एक गुबगुबीत आकडा होता, आणि तो आकडा त्या दोरीवर टांगून बघायची कोणालाच हौस नव्हती.

शेवटी डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “दोन यंत्रांत एवढा फरक म्हणजे एक चुकतंय. कुठलं, ते आपण कोण ठरवणार? टिपणीस, अहो, तुम्ही या विषयातले अधिकारी. तुम्हीच निर्णय द्या.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गांगुर्डेही आशेने बघू लागले. वीस वर्षं त्यांनी माझा निर्णय याच नजरेने ऐकला होता.

मी जर्सीला हात पुसले आणि दोरीला टांगलेलं पाच किलोचं वजन सोडून उलटं केलं. तळाच्या शिशावर ठसा होता. माझा क्रमांक, सदतीस. साल २०१८. जुलै-सप्टेंबर तिमाहीचं अक्षर. हातोडी माझी, हात माझा. त्या यंत्राला खोटं म्हणायचं तर आधी मला स्वतःलाच खोटं म्हणावं लागणार होतं.

सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला मात्र तिसरी वाटही दिसते.

“या वजनाच्या पडताळणीची दोन वर्षांची मुदत सप्टेंबरमध्ये संपली,” मी म्हणालो. “मुदत संपलेल्या वजनावर घेतलेलं माप ग्राह्य धरता येत नाही.”

“पण साहेब,” गांगुर्डे गोंधळून म्हणाले, “लॉकडाउनमुळे डिसेंबरपर्यंत मुदतवाढ आहे ना? तुमच्याच हापिसात फलकावर कागद लावलाय. मी वाचलाय.”

“ती व्यापाऱ्यांना,” मी म्हणालो. “अशा खासगी उद्योगांना नाही.”

ते खोटं होतं. तो कागद मीच फलकावर लावला होता, चार टाचण्या मारून. गांगुर्ड्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, काट्याची सुई थांबायला लागतो तेवढाच. मग त्यांनी माझ्या हातातून वजन घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं.

कार्यालयात सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांची पाठ सुटली. कोठावदे दोन-दोन पायऱ्या टाकत चहा सांगायला गेले. “कायद्याचा प्रश्न आला की आपला नाइलाज असतो, गांगुर्डे,” डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मापं सगळ्यांचीच खोटी असली की बाजार किती गुण्यागोविंदाने चालतो, ते मी त्या दिवशी आतून पाहिलं.

गांगुर्ड्यांनी चहा घेतला नाही. सांगाडा हातगाडीवर चढवताना मी उगाच हात लावायला गेलो, तर ते म्हणाले, “राहू द्या साहेब, जर्सीला गंज लागेल.” मग दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “मला एकदा ती घालून नाशकाबाहेर जायचं होतं. बाकी काही नाही. वय सेहेचाळीस झालं, आता पाय उतरणीलाच लागणार.” त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

जानेवारीत आम्ही पुण्याला गेलो. तिथे संयोजकांचेच ट्रेनर होते, सगळे एका जातीचे, एका तज्ज्ञाने सकाळपासून गरम करून एकेक तपासलेले. अकरा शहरांच्या अकरा रांगा. डॉक्टर गर्गे, दोनशे एकाहत्तरवाले, दोनशे चारवर आले. कोठावदे एकशे अठ्ठ्याऐंशीवर. देवऱ्यांनी तिसऱ्या मिनिटाला खाली उतरून उलटी केली. माझी पाच मिनिटं संपली आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आकडा थांबला, एकशे शहाण्णव.

ना पंच्याण्णव, ना सत्त्याण्णव. एकशे शहाण्णव.

नाशिकचा संघ अकरावा आला. परत येताना गाडीत कारणांची पंगत बसली. पुण्याची हवा कोरडी, हॉलमधला एसी बाधला, आदल्या दिवशीची मिसळ नडली. मी खिडकीबाहेर बघत होतो. पाचव्या नंबरचा माणूस त्या हॉलमध्ये दोनशे एकतीसवर असता, तर आम्ही निदान सातवे आलो असतो, हा हिशेब मी मनात सोळाव्यांदा करत होतो.

आता नॉबचं सांगून टाकतो. पुस्तक हरवलं नव्हतं. कपाटात प्रमिलाच्या साड्यांखाली होतं, मीच ठेवलेलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : रोलर टायरला टेकल्यावर नॉब अडीच फेरे आवळावा. जुलैपर्यंत मी अडीचच आवळत होतो आणि माझा आकडा एकशे पंच्याण्णवच्या वर जाता जात नव्हता. एका सकाळी घाईत एक फेरा राहून गेला. रोलर ढिला, चाक सुळसुळ पळालं आणि वेगावरून ताकद मोजणाऱ्या यंत्राला वाटलं की स्वारीच्या अंगात दहा हत्ती संचारलेत. दोनशे अठ्ठेचाळीस! प्रमिला कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “आज काय, बदाम खाल्ले का?” मी छाती फुगवून तो आकडा ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे आले, दोन टाळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अडीच फेरे आवळून पाहिले. एकशे पंच्याण्णव. मग नॉब धरला आणि एक फेरा सोडला.

ती करंगळी होती. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पारड्यावर शोधत होतो, तीच. मला माहीत होतं, हे सगळ्यात वाईट. लाज वाटते आजही.

पुण्याहून आल्यानंतर चौथ्या दिवशी गांगुर्डे माझ्या कार्यालयात आले. पडताळणीसाठी टोकन घेऊन रांगेत बसले होते. आत आल्यावर त्यांनी फडकं सोडून दोन वजनं टेबलावर ठेवली. पाच किलो आणि एक किलो.

“मुदत संपली होती ना साहेब,” ते म्हणाले. “रीतसर करून घ्यावं म्हटलं.”

मी पाच किलोचं वजन कार्यालयाच्या काट्यावर चढवलं, समोर सरकारी प्रमाण वजन. सुई जराशी झुलली आणि मधल्या रेषेवर उभी राहिली. इकडे नाही, तिकडे नाही. एक किलोचंही तेच. मी उगाच पुन्हा एकदा तपासलं. सुई बिचारी दुसरं काय सांगणार?

“पुण्याला किती आले साहेब?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. निकाल ग्रुपवर टाकायचा नाही असं डॉक्टरांनी गाडीतच ठरवलं होतं.

“एकशे शहाण्णव,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हसले नाहीत, ‘बघा, सांगत होतो’ म्हणाले नाहीत. काटा नीट दुरुस्त झाल्यावर त्यांच्या तोंडावर जे थोडंसं समाधान यायचं, तेवढंच आलं.

मी पत्राबद्दल बोलायला तोंड उघडलं. “गांगुर्डे, मी त्या दिवशी जे लिहिलं...”

“साहेब, रांग आहे बाहेर,” ते म्हणाले.

मी जुनं शिसं ठोकून सपाट केलं आणि ठसा उचलला. सदतीस क्रमांकाचा. हातोडी उचलणार तेवढ्यात गांगुर्ड्यांनी वजन माझ्याकडे जरा सरकवून दिलं.

“या वेळी खोल मारा साहेब,” ते म्हणाले. “मागचा पुसट बसला असेल. तुमचा तुम्हालाच ओळखू आला नाही.”

मी खोल मारला.